‘सोपी वाट’ म्हणजे किती सोपी? हेरन्सवूड बागेतल्या पाट्यांचं प्रकरण

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन नको म्हणते, चार चाकांचा वॉकर घेऊन फिरते, तो सीटवाला, दमलं की त्यावरच बसायचं. गेल्या उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आमच्याकडे सिॲटलला तीन महिने राहायला आली होती आणि तिला बागांची भारी हौस, म्हणून एका शनिवारी तिला एका बागेत घेऊन गेले, नाव नको, चांगली मोठी बाग आहे. गेटवरच्या नकाशात एका वाटेला हिरवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं ‘सोपी वाट’. आम्ही निघालो. सुरुवातीला खरंच सोपी होती, मग डांबर संपून झाडाच्या सालीचा भुसा सुरू झाला, वॉकरची पुढची चाकं त्यात रुतायला लागली, आई रेटतेय, मी पुढून उचलतेय, असं करत करत एक वळण घेतलं तर समोर अकरा पायऱ्या आणि बाजूला कठडा नाही. मागे फिरायचं तर परत तोच सगळा भुसा. आई वॉकरच्या सीटवर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अगं, आधी सांगितलं असतं तर मी खालीच बसले असते की. तिथं गुलाब होते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पायऱ्या काढून टाका असं ती म्हणाली नाही. तिला फक्त आधी कळायला हवं होतं.

मी पाट्यांचंच काम करते. हॉस्पिटल, पार्क, म्युझियम अशा जागी माणूस न चुकता कसा पोचेल त्याची आखणी करायची, मग बोर्ड डिझाइन करायचे. म्हणजे ज्या पाटीने आईला फसवलं तसल्या पाट्या माझ्यासारख्याच कुणीतरी बनवलेल्या असतात. त्यानंतर मी एक प्रकरण हातात घेतलं, कुणी दिलेलं काम नाही, माझा स्वतःचा अभ्यास आहे. जागा निवडली हेरन्सवूड. का निवडली ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण या बागेची मालकी कुणाची आहे हे कळल्याशिवाय तिथल्या पाटीवर काय लिहायचं ते ठरवताच येत नाही.

बाग कुणाची

सिॲटलच्या उत्तरेला एडमंड्सहून फेरी पकडायची, अर्ध्या तासात किंग्स्टन. तिथून गाडीने थोडं पुढे जंगलात ही बाग आहे, साधारण १५ एकर. १९८७ मध्ये डॅन हिंकली आणि रॉबर्ट जोन्स या दोघांनी सुरू केली. हिंकली म्हणजे झाडं गोळा करणारा माणूस, चीन, नेपाळ, व्हिएतनाम, चिली असं फिरून बिया आणायचा, आणि जोन्स आर्किटेक्ट. घर, भोवती बाग आणि सोबत नर्सरी. पोस्टाने रोपं पाठवणारी ही नर्सरी आणि तिचा कॅटलॉग बागवाल्या लोकांत खूप गाजला. २००० मध्ये त्यांनी हे सगळं बर्पी या बियाणं कंपनीला विकलं आणि २००६ मध्ये कंपनीने ते बंद केलं. पुढची काही वर्षं बाग तशीच, तण माजलं. मग २०१२ मध्ये लिलाव झाला आणि ती घेतली पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम ट्राइबने. हिंकलीला परत बोलावलं, स्वयंसेवक आले, बाग पुन्हा उभी राहिली. अमेरिकेत आदिवासी जमातीच्या मालकीची बोटॅनिकल गार्डन ही एकच असं सांगितलं जातं.

आता थोडं मागे. ही सगळी जमीन मुळात स्क्लॅलम लोकांचीच. १८५३ मध्ये पोर्ट गॅम्बलच्या खाडीवर पोप अँड टॅलबट कंपनीची लाकूड गिरणी उभी राहिली आणि तिथलं गाव उठवून लोकांना खाडीच्या पलीकडच्या काठावर, पॉइंट ज्युलियाला जावं लागलं. १८५५ च्या जानेवारीत पॉइंट नो पॉइंटचा करार झाला, त्यात जमीन गेली. कराराप्रमाणे त्यांनी दक्षिणेला स्कोकोमिश जमातीच्या रिझर्वेशनवर, म्हणजे जमातीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहायला जायचं होतं पण ही माणसं खाडी सोडून गेली नाहीत, समोरच्या गिरणीतच कामाला लागली. स्वतःचं रिझर्वेशन मिळायला १९३८ उजाडलं. गिरणी १९९५ पर्यंत चालली.

म्हणजे बघा, ज्यांची जमीन करारात गेली त्यांनी दीडशेहून जास्त वर्षांनी तिच्यातलाच एक तुकडा लिलावात पैसे मोजून परत घेतला, आणि त्या तुकड्यावर आता जगभरची झाडं उभी आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या लोकांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल ते इथे उभं राहिलं की थोडंफार कळतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत, इथे लिलाव होता आणि तिथे कायद्याने मान्य झालेला हक्क, पण ‘हे आमचं होतंच’ हे दोन्हीकडे आहे.

अडचण नेमकी कुठे

हेरन्सवूडला एकाच आवारात वेगवेगळ्या स्वभावाच्या बागा आहेत. घराजवळ फॉर्मल गार्डन, तिथे हॉर्नबीमची झाडं छाटून छाटून त्यांच्या कमानी केल्यात, तो फोटो सगळीकडे दिसतो. वुडलँड गार्डन, उंच डग्लस फर आणि रेड सीडरच्या सावलीत. झाडांचे जुने बुंधे आणि नेचे यांची रेनेसाँ गार्डन. आणि स्थानिक झाडांची, जमातीशी नातं सांगणारी बाग.

अशा जागी मूळ अडचण अशी असते की घरची बाग घरच्या माणसाच्या पायांसाठी आखलेली असते. कुठे वळायचं, पावसाळ्यात कुठे निसरडं होतं हे मालकाला पाठ असतं, त्याला पाटी लागत नाही. वाट एका माणसाच्या रुंदीची असली तरी चालतं, उलट छानच दिसतं, झाडाची फांदी अंगाला लागते. तीच बाग लोकांसाठी उघडली की समोरून व्हीलचेअर येते, मागून बाबागाडी येते, कुणाला कमी दिसतं, कुणाला वाचता येतं पण वाकता येत नाही. आणि ज्या गोष्टीसाठी लोक येतात ती नेमकी दाट, वळणाची, थोडी हरवल्यासारखी वाटणारी वाट. ती सरळ करून सिमेंट टाकलं तर बागच गेली.

तेव्हा प्रश्न ‘सगळीकडे व्हीलचेअर जाईल असं करा’ एवढा सोपा नाही. जिथे करता येईल तिथे करायचंच. उरलेल्या ठिकाणी खरं काय आहे ते पहिलं पाऊल टाकायच्या आधी सांगायचं. या प्रकरणात मला जे म्हणायचंय ते हेच, बाकी सगळा तपशील आहे, पण तपशिलातच गोम आहे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत १९९० चा अपंगत्वाचा कायदा आहे, एडीए. आपल्याला वाटतं तो सगळ्यांना सारखा लागू. जमाती मात्र सार्वभौम आहेत, त्यांचं स्वतःचं सरकार असतं. फ्लोरिडातल्या मिकोसुकी जमातीवर अशी केस झाली होती, १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की लोकांसाठी उघड्या असलेल्या जागांचा नियम जमातीच्या जागेलाही लागू आहे, पण एखाद्या माणसाला त्याखाली जमातीवर दावा लावता येणार नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी घेतला की १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४, अपंगांशी भेदभाव नको असं सांगणारं, येतं ते वेगळं.

काही लोक हे ऐकून म्हणतात की मग झालं, करायची सक्ती नाही. मला याच्या बरोबर उलट वाटतं. दाव्याच्या भीतीने केलेल्या रॅम्पा मी खूप पाहिल्यात, मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांजवळून आत नेणाऱ्या. इथे करायचं तर कारण वेगळं असणार. बाग जमातीची आहे म्हणजे पाहुण्यांच्याही आधी ती त्यांच्या स्वतःच्या आजी-आजोबांची आहे. ज्या आजीला सीडरची साल कधी सोलायची, सलाल या रानझुडपाची फळं कधी पिकतात हे ठाऊक आहे, तिच्याच हातात आज वॉकर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती आजी त्या झाडापर्यंत पोचली पाहिजे. नाहीतर झाड तिथे, सांगणारी इथे, आणि मधे एक पाटी.

मोजायचं कसं

या कामात मला सगळ्यात उपयोगी काय वाटलं असेल तर अमेरिकेतल्या सरकारी जंगल-पार्कांसाठी २०१३ मध्ये लागू झालेले बाहेरच्या जागांचे नियम. ते फेडरल जागांसाठी आहेत, हेरन्सवूडवर बंधनकारक नाहीत, पण त्यातली एक गोष्ट कुणीही उचलावी. वाटेच्या सुरुवातीला नव्या माहितीफलकावर पाच गोष्टी लिहायच्या. वाटेची लांबी, पृष्ठभाग कसला, रुंदी साधारण किती आणि कमीत कमी किती, चढ साधारण किती आणि जास्तीत जास्त किती, आणि आडवा उतार तसाच, साधारण आणि जास्तीत जास्त.

बस. ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘अवघड’ असला एकही शब्द यात नाही. सोपं कुणाला? माझ्या बारा वर्षांच्या मुलाला सोपी असलेली वाट आईला अवघड आहे आणि हाताच्या जोरावर व्हीलचेअर मारणाऱ्या तरुण पोराला कदाचित आईपेक्षा सोपी आहे. आकडा दिला की प्रत्येक जण आपापल्या शरीराचा हिशोब करतो, तो हिशोब त्या माणसाइतका दुसऱ्या कुणालाच येत नाही.

आडवा उतार म्हणजे काय ते जरा थांबून सांगते कारण हे चालत्या माणसाला कळतच नाही, मलाही आईबरोबर फिरेपर्यंत नुसतं पुस्तकात ठाऊक होतं. वाट पुढे सपाट असली तरी एका बाजूला कललेली असते, पाणी वाहून जावं म्हणून. एडीएप्रमाणे हा कल १ ला ४८ पेक्षा जास्त नको, म्हणजे चार फूट रुंद वाटेत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक इंचाचा फरक. एक इंच! त्याहून जास्त झालं की वॉकर हळूहळू उताराच्या बाजूला सरकायला लागतो आणि आई प्रत्येक पावलाला मनगटाने तो परत ओढते, आणि अर्ध्या तासाने म्हणते की आज हात का दुखतोय काय माहीत. पायांचं दुखणं सगळ्यांना दिसतं, मनगटाचं दिसत नाही.

मोजायला लागतं काय, तर दोन फुटी डिजिटल लेव्हल, मोजपट्टी आणि ते चाकाचं मोजणी यंत्र. दोन माणसं. प्रत्येक वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर लेव्हल आधी वाटेच्या दिशेने ठेवायची, मग आडवी, दोन्ही आकडे लिहायचे, रुंदी जिथे सगळ्यात कमी तिथे मोजायची आणि ती पण झाडं उन्हाळ्यात पसरलेली असताना, हिवाळ्यात मोजून काय उपयोग. १ ला २० पर्यंतचा चढ चालण्याची वाट म्हणून धरतात, त्याच्या वर गेला की रॅम्प, आणि रॅम्प १ ला १२ च्या वर नको. रुंदी निदान ३६ इंच, आणि वळून परत फिरायला ६० इंचाचं वर्तुळ. हे शेवटचं सगळे विसरतात. वाट बंद होते तिथे परत फिरायला जागा नसली तर व्हीलचेअर उलटी रिव्हर्समध्ये आणावी लागते, मागे न दिसता.

ही मोजणी बागेच्या माणसांनीच करावी असं माझं मत, बाहेरचा कन्सल्टंट आणून नाही. मोजताना माळी म्हणतो इथे दर वर्षी मूळ वर येतं, इथे नोव्हेंबरात पाणी साचतं. हे कन्सल्टंटच्या एका दिवसाच्या फेरीत कुठून कळणार.

पृष्ठभागाचं तसंच. सालीचा भुसा दिसायला जंगलासारखा पण चाकांना नको. गोल गोटे तर अजिबात नको, खेळायच्या गोट्यांसारखे सरकतात. फोडलेली बारीक खडी, तिच्यातली कच न चाळता तशीच ठेवून पाणी मारून चांगली ठोकली की घट्ट बसते, चाक रुतत नाही, पाणी झिरपतं आणि रंग मातीसारखा दिसतो. सगळ्या बागेत नको, एक पूर्ण फेरी तशी करा. आणि ती फेरी पार्किंग, संडास, दुकान अशी नको. हॉर्नबीमच्या कमानींखालून गेली पाहिजे, उंच झाडांच्या सावलीत निदान थोडी आत शिरली पाहिजे. बागेतलं सगळ्यात सुंदर ते त्या फेरीवर.

बाकडी. सीट जमिनीपासून १७ ते १९ इंच, पाठ टेकायला आणि हात ठेवायला दांडा. लाकडाचा ओंडका आडवा टाकून केलेलं बाकडं फोटोत छान दिसतं, आईला त्यावर बसता येतं, उठता येत नाही.

कोणत्या भाषेत

आता माझ्या आवडीचा आणि सगळ्यात नाजूक भाग.

क्लॅलम ही या लोकांची भाषा. जिची पहिली भाषा क्लॅलम होती अशी शेवटची व्यक्ती, हेझल सॅम्प्सन, २०१४ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेली. त्याआधी दोन वर्षं, २०१२ मध्ये, मोठा क्लॅलम शब्दकोश आला होता, आणि आज मुलं शाळेत ही भाषा शिकतात. बागेतल्या पाटीवर झाडाचं क्लॅलम नाव यायला हवं याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही. प्रश्न ते छापायचं कसं.

तिची लिपी रोमनवर बेतलेली असली तरी साध्या कीबोर्डवर नसलेली अक्षरं तिच्यात आहेत. उलटा केलेला ई. मधून आडवी काट मारलेला ग्रीक लॅम्डा, आणि त्याच्या डोक्यावर स्वल्पविराम. वर चढवलेला छोटा डब्ल्यू. आणि गळ्यात हवा अडवून काढायचा एक आवाज आहे, त्याचं अक्षर प्रश्नचिन्हासारखं दिसतं, फक्त खाली टिंब नाही. फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली की पहिलं मरतं ते हेच, त्याचं खरोखरचं प्रश्नचिन्ह होतं, आणि पाटी बनवणाऱ्याला वाटतं बरोबरच आहे. डोक्यावरचा स्वल्पविराम शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. आपल्याला हे दुःख ठाऊक आहे ना, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तुटून रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, ‘क्ष’ फुटून दोन तुकडे होतात, आणि दुकानदार म्हणतो कळतंय की. कळतं, पण आपली भाषा तुटलेली दिसते ती आपल्याच डोळ्यांना दिसते. आणि जी भाषा मुलं आत्ता कुठे परत शिकतायत तिच्या पाटीवर चूक झाली तर ती पाटी मुलांना चुकीचंच शिकवणार.

म्हणून माझ्या कामाच्या यादीत पहिली ओळ हीच, फॉन्ट आधी ठरवा, शब्द क्लॅलम शिकवणाऱ्यांकडूनच घ्या, आणि पाटी कापायच्या आधी एकेक अक्षर मोठं करून छापून त्यांना दाखवा, स्क्रीनवर नाही, कागदावर. अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचं चित्र करून, मगच फाइल पाठवा म्हणजे पुढे कुणाच्या मशीनवर ती बदलत नाहीत.

कॅनडात व्हँकुव्हरहून व्हिसलरला जाताना सी टू स्काय हायवे लागतो, २०१० च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे स्क्वामिश भाषेतल्या नावांच्या पाट्या लागल्या. त्या भाषेत गळ्यातल्या त्या आवाजासाठी चक्क ७ चा आकडा लिहितात, शब्दाच्या मधोमध. पहिल्यांदा मला वाटलं प्रिंटिंगची चूक. मग वाटलं, किती लोक रोज इथून जाताना विचारत असतील हा सात कसला, आणि विचारलं की कुणीतरी सांगतं. पाटीने एवढं केलं तरी पुष्कळ.

पण वाचता आलं तरी उच्चार येत नाही. इथे मला एक गोष्ट फार पटली. कमी दिसणाऱ्या माणसासाठी पाटीबरोबर आवाज लागतोच, म्हणजे ऑडिओ. आणि ज्याला व्यवस्थित दिसतं पण क्लॅलम अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाहुणा, त्यालाही तोच आवाज लागतो. तेव्हा ऑडिओ ही कुणा ‘स्पेशल’ लोकांसाठी केलेली सोय राहत नाही. जमातीतल्या माणसाच्या आवाजात झाडाचं नाव, दोनदा, सावकाश, मग एखादं वाक्य. झाडीत नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून ते गेटवरच डाउनलोड करता यायला हवं, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी काउंटरवर एखादं छोटं यंत्र.

‘आम्ही’ की ‘ते’

बहुतेक म्युझियमच्या पाट्यांवर आदिवासींबद्दल कसं लिहिलेलं असतं? ‘हे लोक या झाडाच्या सालीपासून टोपल्या विणत असत.’ ते. असत. म्हणजे परके, आणि होऊन गेलेले. हेरन्सवूडला मालक स्वतः जमात आहे, मग पाटी ‘आम्ही’ असंच बोलायला हवी आणि वर्तमानकाळात.

आणि इथे मराठीचा मला फार उपयोग झाला. इंग्रजीत ‘वी’ एकच. आपल्याकडे आम्ही आणि आपण. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की तो आत. मी पाट्यांचा कच्चा मजकूर आधी मराठीत लिहून पाहिला, आणि लगेच कळलं की दोन प्रकारच्या पाट्या आहेत. झाडाची, गिरणीची, कराराची गोष्ट सांगणारी पाटी ‘आम्ही’ म्हणणार, पाहुण्याने ती ऐकायची, त्यात घुसायचं नाही. आणि वाट दाखवणारी पाटी ‘आपण’ म्हणणार, आपण इथे आहोत, पुढे पायऱ्या आहेत, इथून परत फिरता येतं. इंग्रजी मजकूर लिहिताना हा फरक शब्दात धरता येत नाही पण सुरात धरता येतो.

बुंध्यांच्या आणि नेच्यांच्या बागेत तर हे जपायलाच हवं. तिथे ते जुने बुंधे बघितले की जंगलतोड आठवतेच, आणि पलीकडे खाडीवर ती गिरणी होती जिने गाव उठवलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पगारही दिला. नुसतं दुःख लिहिलं तर अर्धंच झालं, नुसतं ‘इथे लाकूडतोड व्हायची’ लिहिलं तर ते खोटंच ठरेल. तो मजकूर मी लिहिला नाही. तो माझा नाहीच. मी फक्त जागा सोडली, साठ-सत्तर शब्दांची, चोवीस पॉइंटच्या अक्षरात बसतील एवढे.

आणखी एक. सगळं लिहायचं नसतं. सलालची फळं कुटून, वाळवून त्याच्या वड्या करून ठेवायची या किनाऱ्यावरची रीत खूप ठिकाणी छापून आलीय, ती लिहायला हरकत नसावी. पण कुठलं झाड कुठून आणायचं, कुठल्या औषधाला काय, हे घरातल्यांनी घरात ठेवलेलं ज्ञान असतं. पाटीवर काय येणार नाही ते ठरवायचा हक्क पाटीवाल्याचा नाही, जमातीतल्या वडीलधाऱ्यांचा.

झाडांच्या लेबलांबद्दल थोडक्यात. बागेत झाडं हजारोंनी, प्रत्येकाला मोठी पाटी लावली तर स्मशानासारखं दिसेल. छोटं धातूचं लेबल, नोंदणी क्रमांकासकट, बागेच्या रेकॉर्डसाठी राहू द्या. पाहुण्यांसाठी तीसचाळीस झाडं निवडा, त्यांची पाटी वाटेच्या कडेला, थोडी तिरकी, उभ्या माणसाला आणि बसलेल्या माणसाला दोघांनाही न वाकता वाचता येईल अशी, चकाकणारा पत्रा नको कारण झाडीतून ऊन कवडशांनी येतं आणि नेमकं अक्षरांवर पडतं. शेवाळाचा प्रदेश आहे, पुसायला माणूस नेमा, नाहीतर दोन हिवाळ्यांत सगळं हिरवं.

कच्ची पाटी

सगळं झाल्यावर मी एका वाटेच्या सुरुवातीची पाटी पुठ्ठ्यावर करून पाहिली. हेरन्सवूडची वाट नाही, आमच्या बिल्डिंगमागची टेकाडावर जाणारी वाट घेतली, म्हणजे आकडे खरे मोजता आले. लांबी, खडी, रुंदी, चढ, आडवा उतार. खाली एक ओळ, ‘शेवटी पायऱ्या आहेत. त्याआधी डावीकडे बाकडं आहे, तिथून तळं दिसतं.’ इंग्रजीत एक, आईसाठी मराठीत एक. खांबाला बांधली आणि आईला म्हटलं, काही विचारू नकोस, वाच आणि जायचं की नाही ते ठरव.

तिने चष्मा लावला. वॉकरचे ब्रेक लावले. बराच वेळ वाचत होती, बोट फिरवत, मग चढाच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे एकास पंधरा म्हणजे काय गं?"

सांगितलं, पंधरा फूट चाललं की एक फूट वर.

"मग असं लिही की. आणि असा चढ किती लांब आहे? एकदम सगळा आहे का मधे सपाट येतं?"

हे माझ्या पाटीवर नव्हतं. मी सगळ्यात जास्त चढ किती ते लिहिलं होतं, तो सलग किती फूट ते नाही. आणि तिच्यासारख्या माणसाला तेच लागतं, चढ जास्त असला तरी दहा पावलांत संपत असेल तर ती जाते, दमलं की वॉकरवर बसते, पण न थांबता शंभर पावलं असतील तर नाही जात. वाटेवर कुठे कुठे टेकता येतं आणि एका टेकण्यापासून दुसऱ्यापर्यंत किती पावलं, हा आकडा मी वाचलेल्या पाटीच्या एकाही नियमात नाही.

मी मार्करने खाली लिहिलं, पहिलं बाकडं ६० पावलांवर. दुसरं त्यापुढे ८५. मधे सपाट नाही. पावलं तिचीच मोजली होती, तिच्या मागे मागे चालत.

आईने ते वाचलं, ब्रेक सोडले आणि म्हणाली, "पहिल्यापर्यंत जाऊ. मग बघू."